देवाकडे सोपवायचं म्हणजे अपील मागे घ्यायचं का?

प्रश्न : पाळकसाहेब, प्रभूच्या नावाने सलाम. पतीच्या निधनानंतर सख्ख्या दिरांनी सासऱ्यांच्या जमिनीच्या वारसनोंदीत माझ्या दोन्ही मुलांची नावं येऊ दिली नाहीत. मी प्रांतांकडे अपील केलं आहे. चर्चच्या मंडळीतले वडीलजन म्हणतात, "सूड देवाकडे सोपव, अपील मागे घे, भावकीला कोर्टकचेरीत ओढू नको." दीर उपासनेला माझ्या पुढच्याच बाकावर बसतात. त्यांचं वाटोळं व्हावं असं मनात येतं, म्हणून मी प्रभुभोजन (उपासनेतला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेणं थांबवलं आहे. काय करू?
– एक भगिनी, राहुरी तालुका

उत्तर : ताई, सलाम. अपील मागे घेऊ नका. जमीन तुमच्या मुलांच्या हक्काची आहे. ती सोडून द्यायचा मोठेपणा त्यांच्या वतीनं तुम्हाला दाखवता येणार नाही.

"सूड घेणे माझ्याकडे आहे, मी फेड करीन, असे प्रभू म्हणतो," हे वचन बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात आहे. त्यानंतर लगेच, 13व्या अध्यायात, वाईट करणाऱ्याला शासन करणारा अधिकारी देवाचा सेवक आहे, असं या पत्राचा लेखक प्रेषित पौल लिहितो. फिलिप्पै शहरात चौकशी न करता पौलाला फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अधिकारी गुपचूप सोडायला निघाले, तेव्हा त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं, असं त्यानं बजावलं. पुढे त्यानं कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. यातलं काहीच सूड नव्हतं.

वडीलजनांनी तुम्हाला करिंथकरांस पहिल्या पत्राचा 6वा अध्याय दाखवला असणार. भावानं भावावर फिर्याद करावी याबद्दल पौल करिंथकरांना लाजवतो, हे खरं. पण भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का, हेही तो तिथंच विचारतो. तेव्हा वडीलजनांनी दिरांना समोर बसवावं, फेरफार आणि सातबारा वाचावा आणि मुलांची नावं लावून घ्यावीत. तसं झालं तर अपिलाची गरजच उरणार नाही. मात्र एका विधवेला गप्प बसवणं म्हणजे निवाडा करणं नव्हे, हे मी त्यांनाही तोंडावर सांगेन.

मग सोडायचं काय? विहिरीची मोटर बंद पाडणं, बांध कोरणं, खऱ्याला चार खोटं जोडून गावभर सांगणं, मुलांच्या मनात काकाविषयी विष कालवणं. सूड खेड्यात असाच घेतला जातो. त्यातून उठलेली घरं मी पाहिली आहेत. यातलं काही करू नका. दिरांच्या घरी आजारपण आलं, तर डबा घेऊन जा.

ओडिशात मनोहरपूर इथं 1999 साली ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि त्या बारिपद्यातल्या कुष्ठरोग्यांच्या सेवेत राहिल्या. खटला मात्र चालला. मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. त्या खटल्यामुळे बाईंची क्षमा कमी झाली, असं मला कधीच वाटलं नाही.

राहिला तुमच्या मनातला राग. 109वं स्तोत्र दार लावून मोठ्यानं वाचा. शत्रूची मुलं पोरकी होवोत, इतकं भयंकर त्यात मागितलं आहे. हे शब्द पवित्र शास्त्रात आहेत, कारण ते देवापुढं ओतलेले आहेत. तुमचा राग तुम्हीही त्याच्यापुढं ओता. फेड कशी आणि कधी करायची, की दिरांना पश्चात्तापाला आणायचं, हे त्याला ठरवू द्या. आपल्या मनासारखं होईल, असं वचन त्यानं दिलेलं नाही. रागासकट प्रभुभोजनाला या. पाप कबूल करणाऱ्यांसाठीच ते मेज मांडलं आहे.

आलेक्सांद्र तांबटानं पौलाचं पुष्कळ वाईट केलं होतं. त्याची फेड प्रभू करील, असं आपला सहकारी तीमथ्य याला लिहून पौल पुढच्याच वचनात म्हणतो की, तूही त्याच्यापासून जपून राहा. म्हणून दिरांनी "समेट" म्हणून एखादा कागद पुढे केला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नका.