पायासाठी की डोळ्यांसाठी?

दिव्यांग माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी आली की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंत एक प्रश्न निघतोच. शब्द वेगवेगळे असतात. कुणी विचारतं, "मी सवलत घेतली तर लोकांच्या डोळ्यांत का खुपतं?" कुणी विचारतं, "खरं सांगा, मी एवढा अपंग आहे का?" वर्षाताईंनी विचारलं होतं, "मॅडम, मी खोटी आहे का हो?" (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. त्यांनी हे लिहायला परवानगी दिली, तीही "सोसायटीतल्या काकांचं काहीतरी दुसरंच नाव घाला" या अटीवर. मी नावच घालत नाही.)

वय सेहेचाळीस, नाशिकच्या एका खाजगी संस्थेत हिशेबनीस. दीड वर्षाच्या असताना डाव्या पायाला पोलिओ झाला. गुडघ्यात बळ नसल्यामुळे लहानपणी मांडीवर तळहात दाबून चालायच्या, मग कॅलिपर आलं, म्हणजे पायाला बांधायचा आधार. सलवारीखाली ते दिसत नाही. सगळं आयुष्य त्यांनी "मला काही होत नाही" या एका वाक्यावर काढलं. तीन मजले जिना, दिवाळीचा फराळ, लेकीच्या शाळेचं स्नेहसंमेलन, सगळं. आणि चाळिशीनंतर उजवा पाय थकायला लागला. तो तर 'चांगला' पाय होता.

डॉक्टरांनी सांगितलं, पोस्ट-पोलिओ. पोलिओत ज्या चेतापेशी वाचतात, त्या मेलेल्यांच्या वाट्याचे स्नायूही सांभाळायला घेतात आणि तीस-चाळीस वर्षं दुप्पट राबून दमतात. देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. त्यामुळे पोलिओ संपला असं आपण म्हणतो, पण तो झालेली माणसं आता पन्नाशीकडे झुकली आहेत आणि त्यांचं हे दुसरं दमणं कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुचाकी सुटली. जुन्या कागदी दाखल्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, करून झालं होतं, पिवळ्या पट्टीचं, म्हणजे चाळीस ते ऐंशी टक्के अपंगत्वामधलं. 2024 च्या सुरुवातीला त्यांनी जीएसटी सवलतीत छोटी गाडी घेतली. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालवायचं हँड कंट्रोल बसवलं. आरसी बुकावर मालकाच्या रकान्यात 'दिव्यांगजन' आलं. सोसायटीने लिफ्टजवळची पार्किंगची जागा दिली. आणि जुलैमध्ये, पुण्याच्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून वाहिन्यांवर दिवसरात्र गदारोळ चालू असताना, सोसायटीच्या ग्रुपवर तळमजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "दाखला मिळाला की मजाच मजा. आम्ही मात्र पूर्ण टॅक्स भरायचा." नाव कुणाचंच नव्हतं. अकरा अंगठे आले. वर्षाताईंनी ते मोजले होते.

आता मी माझी चूक सांगते, कारण ती या गोष्टीतली महत्त्वाची आहे. दुसऱ्या भेटीनंतर मी खिडकीतून पाहिलं. रिक्षा सुटेल म्हणून त्या भराभर रस्ता ओलांडत होत्या. माझ्या मनात आलं, अरे, ही तर बरी चालते. वीस वर्षं हे काम करणाऱ्या बाईच्या मनात हे आलं! त्याच संध्याकाळी त्या पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या आणि स्वयंपाक लेकीने केला होता, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. रिक्षा पकडताना सगळ्यांनी पाहिलं, पडून राहिलेलं फक्त घराने.

तिसऱ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. म्हणाल्या, "हल्ली मी खाली जाताना काठी घेते. पाय बरा असला तरी."

"मग का घेता?"

"काका असतात ना बाकावर."

मी त्यांना एक वही करायला सांगितली. पंधरा दिवस, काठी हातात घेतली की एक खूण. दोन रकाने : पायासाठी, डोळ्यांसाठी. डोळे म्हणजे लोकांचे. वही आली तेव्हा पायासाठी नऊ खुणा होत्या आणि डोळ्यांसाठी चौदा. त्यातही एक बारकावा त्यांनीच हसत सांगितला. फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे काठी अशक्त पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. खरी गरज असे तेव्हा ती उजव्या हातात असे. काकांसमोर मात्र डाव्या हातात, कारण तिथे ती "जास्त अपंग दिसते". इतकी वर्षं ज्या बाईने लंगडणं लपवलं, ती आता दोन टक्के जास्तच लंगडून दाखवत होती. दाखला देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाने मोजलेले टक्के तिला पुरत नव्हते, बाकावरच्या बोर्डाचाही शिक्का हवा होता.

हसून झाल्यावर त्या रडल्या. आई आठवली म्हणून. लहानपणी एसटीत कंडक्टर विचारायचा, "पोरीचा पास आहे का?" आई म्हणायची, "पूर्ण तिकीट द्या." घरात दोन वेळची मारामार, आणि पूर्ण तिकीट. "कुणापुढे हात पसरायचा नाही," हे आईचं. मी आईच्या विरोधात एक शब्दही बोलले नाही. त्या काळात, त्या गावात, त्या बाईने लेकीची मान ताठ ठेवायचा तिच्याजवळचा एकच मार्ग वापरला. पण त्या वाक्याने सवलत आणि भीक एकाच ताटात वाढली गेली, आणि काकांचा मेसेज थेट त्या ताटात पडला.

मग आम्ही हिशेब मांडला. हिशेबनीस बाई, आकड्यांवर त्यांचा विश्वास. गाडीची मूळ किंमत 5 लाख धरली. तेव्हा छोट्या पेट्रोल गाडीवर 28 टक्के जीएसटी आणि 1 टक्का उपकर होता. अस्थिव्यंग चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असेल आणि अवजड उद्योग मंत्रालयाचं पत्र मिळालं, तर 18 टक्के, उपकर नाही. फरक 55 हजार. अटीही होत्या : गाडी चार मीटरच्या आतलीच हवी, इंजिनाला मर्यादा, पाच वर्षं विकायची नाही. दुसऱ्या बाजूला : क्लच दाबता येत नाही म्हणून ऑटोमॅटिक घ्यावी लागली, ती पन्नासेक हजारांनी महाग. हँड कंट्रोलचे अडतीस हजार. आरटीओच्या खेपा आणि त्यासाठीच्या बिनपगारी रजा आम्ही धरल्याच नाहीत. त्यांनी खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "म्हणजे मी अजून मागेच आहे."

माझं मत विचाराल तर लोकांना खुपतं ते पैशाने नाहीच. पन्नास रुपयांची एसटी सवलत खुपत नाही, महिन्याचं निराधार अनुदान खुपत नाही. गाडी खुपते. दिव्यांग माणूस बिचारा असेपर्यंत समाज हळहळतो. तो काच खाली करून "काका, जरा गाडी पुढे घेता?" म्हणाला की हिशेब सुरू होतो. आणि हे काही आपल्याकडेच नाही. ब्रिटनमध्ये 1977 पासून मोटॅबिलिटी नावाची योजना आहे. फिरण्यासाठी मिळणारा सरकारी भत्ता वळता करून माणूस गाडी भाडेपट्ट्याने घेतो. भत्ता त्यात जातो, तरी तिथेही लोकांच्या तोंडी 'फुकटची गाडी' असतेच.

खोटे दाखले काढणारे आहेत, हे मी नाकारत नाही. वर्षाताईंचा सगळ्यात जास्त राग त्यांच्यावरच होता, काकांपेक्षाही. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातली दोन कलमं मी त्यांना वाचून दाखवली. खोटेपणाने लाभ घेतला तर कलम 91, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर कलम 92, कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि दंड. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. "म्हणजे टोमण्याला जास्त?" हो, जास्त. तक्रार करायची नव्हतीच त्यांना. पण कायद्याने कुठे जास्त वजन टाकलंय हे कळल्यावर त्या खुर्चीत जरा मागे टेकून बसल्या.

पुढच्या भेटींत आम्ही एकच सराव केला : डोळ्यांसाठी काठी घ्यायची नाही, आणि पायासाठी घ्यायची तर लाजायचं नाही. दुसरा भाग जास्त अवघड गेला. ग्रुपवर उत्तर लिहू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमची मर्जी, पण पाय ग्रुपवर मांडू नका. तुमच्या दुखण्याचा पुरावा मागायचा अधिकार बोर्डाला होता आणि त्याने तो वापरला. त्यांनी काही लिहिलं नाही. एके दिवशी काकांनीच लिफ्टपाशी विचारलं, "आज काठी नाही?" तर म्हणाल्या, "आज लागत नाही. उद्या लागेल." एवढंच. काका काही विरघळले वगैरे नाहीत.

गेल्या वर्षी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला. हसू आवरत नव्हतं. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी सगळ्यांनाच 28 वरून 18 टक्के झाला होता. सवलतीच्या अटींत होती तेवढीच लांबी, तेवढंच इंजिन. काकांनी दसऱ्याला गाडी घेतली होती आणि पेढे घेऊन तिसऱ्या मजल्यावर आले होते.

"मॅडम, काका म्हणाले, सरकारने फार चांगलं केलं. चांगले पन्नासेक हजार वाचले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"अभिनंदन म्हटलं. आणि दुसरा पेढा मागून घेतला." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझ्या हँड कंट्रोलचे अडतीस हजार मात्र अजून माझेच आहेत."