जमातींच्या संघर्षात सापडलेल्या दुर्गम भागातल्या पाळकांना शहरातल्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, आणावं की तिथेच जाऊन शिकवावं?

तुमच्या मंडळीला मणिपूरच्या डोंगरातल्या दोन पाळकांच्या शिक्षणासाठी वर्गणी काढायची आहे आणि त्यांना तीन वर्षं पुण्यात ठेवायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापुरात पाळक आहे. २०२३ नंतर दोनदा गुवाहाटीला अशा पाळकांचे वर्ग घ्यायला गेलो होतो, त्यावरून सांगतो.

तीन वर्षं त्यांना गावाबाहेर काढू नका. ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीला याचा अनुभव फार आधी आला. राजधानीत शिकलेली मुलं खेड्यात परत जाईनात आणि खेड्यातले खरे कर्ते लोक घरदार, शेती सोडून राजधानीत येईनात. म्हणून १९६३ पासून तिथले शिक्षकच खेड्यांजवळच्या केंद्रांवर जाऊ लागले. पाळकाने घरी पुस्तक अभ्यासायचं, ठरल्या दिवशी शिक्षकासोबत बसायचं आणि शिकलेलं रविवारी मंडळीत वापरून बघायचं. भारतात बंगळुरूच्या टाफ्टी या धर्मशिक्षणाच्या संस्थेने १९७१ मध्ये हीच वाट धरली. आपल्या शाहूवाडी-आजऱ्याकडच्या वाड्यांवर एकट्याने चार-पाच गावं सांभाळणाऱ्या पाळकालाही हीच पद्धत झेपते.

पण संघर्षाच्या भागात ती निम्मीच पुरते. ३ मे २०२३ ला मणिपुरात खोऱ्यातले मैतेई आणि डोंगरातले कुकी यांच्यात हिंसाचार सुरू झाला, तेव्हापासून डोंगरातल्या चुराचांदपूरच्या कुकी पाळकाला इम्फाळचा विमानतळ बंद झाला. तो आधी रस्त्याने मिझोरममधलं ऐझॉल गाठतो. खोऱ्यातल्या मैतेई ख्रिस्ती मंडळ्यांचीही चर्च जळाली, पण त्यांचा पाळक डोंगरात पाऊल ठेवू शकत नाही. दोघांना आपापल्या घरी शिकवलं तर दोघं कधीच समोरासमोर येणार नाहीत. म्हणून अभ्यास घरी आणि वर्षातून दहा-बारा दिवस तिसऱ्याच ठिकाणी एकत्र, असं करावं लागतं.

आमच्या पहिल्या वर्गात जेवणाच्या पंगती आपोआप वेगळ्या पडल्या. आम्ही कुणाला उठवून दुसरीकडे बसवलं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत प्रत्येकाने आपल्या मंडळीतल्या गेलेल्यांची नावं वाचायची, एवढंच ठरवलं. कुणी मारलं, का मारलं, ते तिथे बोलायचं नाही. कुकी, नागा, मैतेई सगळ्यांना समजणारी भाषा मणिपुरी, म्हणजे मैतेईंचीच. तिसऱ्या दिवशी एका कुकी पाळकाने आपणहून त्या भाषेत नावं वाचली, तेव्हा खोलीत कुणी हललंही नाही.

सगळ्यात उपयोगी पडला तो उपदेशाचा वर्ग. प्रत्येकाने आपला एक जुना उपदेश लिहून काढायचा आणि तो दुसऱ्या बाजूच्या पाळकाकडे द्यायचा. त्याने फक्त एवढंच करायचं: ज्या वाक्याला आपण मंडळीत बसून राहू शकलो नसतो, त्याखाली रेघ मारायची. एकाने गाव जळाल्यावर यरीहोच्या तटबंदीवर, म्हणजे देवाने शत्रूच्या शहराच्या भिंती पाडल्याच्या बायबलमधल्या गोष्टीवर, उपदेश केला होता. त्याचा कागद परत आला तेव्हा अर्ध्याहून जास्त ओळींखाली रेघा होत्या. तो दिवसभर कुणाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तोच उपदेश नव्याने लिहून आणला, आणि रेघा मारणाऱ्याच्या हातात दिला. सेमिनरीत मी ग्रीक शिकलो, व्याकरण शिकलो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

नागा-कुकी संघर्षात, १९९० च्या दशकात, दोन्हीकडचे बहुसंख्य लोक ख्रिस्तीच होते. एकच श्रद्धा असली म्हणजे पुरत नाही, हे त्यांना आपण सांगायची गरज नाही. पण पाळकांच्या हातून काही घडू शकतं, हेही त्यांच्याच भागात दिसलंय: १९६४ मध्ये शेजारच्या नागालँडमधल्या बाप्टिस्ट मंडळ्यांनी पुढाकार घेतला, जयप्रकाश नारायण, बिमला प्रसाद चालिहा आणि मायकेल स्कॉट यांचं शांती मंडळ उभं राहिलं आणि ६ सप्टेंबरपासून भारत सरकार आणि नागा बंडखोर यांच्यात युद्धबंदी झाली.

मदतीच्या याद्या करायलाही शिकवायला हवं. २०१९ च्या पुरात शिरोळ तालुक्यात मी धान्य वाटलं, तेव्हा एका वगळलेल्या घरावरून दोन वर्षं अबोला राहिला. मणिपुरात तर विस्थापितांच्या छावणीत पाळकच यादी करतो, आणि चुकलेल्या नावाचा अर्थ फार वेगळा लावला जातो.

तेव्हा वर्गणी वसतिगृहावर घालू नका. प्रवासासाठी ठेवा, आणि पाळक बाहेर असताना त्याची मंडळी सांभाळणाऱ्यासाठी ठेवा. दोन पाळक पाठवणार असाल तर दोन्ही बाजूंचा एकेक घ्या. आणि वर्गाचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, देणगीदारांनी कितीही मागितले तरी. दोघांना परत आपापल्या गावी जायचं असतं.