पुण्यातील एकाच घराण्याकडे राहिलेले जुने हॉटेल

पुण्यात एकाच कुटुंबाच्या मालकीचे जुने हॉटेल कोणते आणि त्याचा इतिहास काय, असे आपण विचारले आहे. पुणेकराला ‘हॉटेल’ म्हटले की आधी मिसळ आठवते, मुक्कामाची खोली नव्हे. परंतु जेवण आणि मुक्काम या दोन्ही सोयींसाठी ओळखले गेलेले नाव म्हणून मी लक्ष्मी रस्त्यावरील पूना गेस्ट हाऊस सांगेन.

ते १९३५ साली नानासाहेब सरपोतदार यांनी सुरू केले. नानासाहेब मूळचे सिनेमावाले. मूकपटांच्या काळात त्यांनी पुण्यात युनायटेड पिक्चर्स सिंडिकेट ही संस्था चालवली आणि मराठेशाहीतील विषयांवर चित्रपट काढले. १९३१ मध्ये भारतात बोलपट आला, पुढच्याच वर्षी मराठी बोलपट आला आणि १९३३ मध्ये प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यात दाखल झाली. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती, त्याची रिळे कोणत्याही प्रांतात चालत. बोलपटाला मात्र ध्वनिमुद्रणाची महागडी यंत्रसामग्री लागे आणि ती खरीदण्याची ऐपत लहान संस्थांजवळ नव्हती. ही सनावळी पाहता मूकपटांचा बाजार उठला नसता, तर हे गेस्ट हाऊसही कदाचित निघाले नसते, असे मला वाटते.

सिनेमाशी असलेले हे नाते मात्र तुटले नाही. पुढच्या पिढीत चारुदत्त सरपोतदार, म्हणजे सर्वांचे चारुकाका, यांच्या काळात ही वास्तू नाटक-सिनेमातील मंडळींचा हक्काचा मुक्काम म्हणून ओळखली गेली. त्यामागे व्यवहारही होता. मुंबईहून प्रयोगासाठी आलेल्या नटसंचाला रात्री उशिरा पडदा पडल्यावर जेवण आणि अंथरूण हवे असते, आणि अवेळी आलेल्या अशा पाहुण्याला ‘आता काही मिळणार नाही’ असे न सांगणारा यजमान पुण्यात दुर्मीळच (हे मी पुणेकर असूनच लिहितो आहे). सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरातून तर तिथे चालतच जाता येते. आम्ही महाविद्यालयात एकांकिका करत असू तेव्हा तालमीनंतर तिथे थालीपीठ खायला जात असू आणि शेजारच्या टेबलावर कोणी नामवंत नट बसला आहे का, हे चोरून पाहत असू.

शहराचे इंग्रजी नाव ‘पूना’चे ‘पुणे’ होऊन कित्येक दशके लोटली, तरी या गेस्ट हाऊसच्या नावात ‘पूना’च राहिले आहे.