हौद्यात काय अंथरावं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पावसाळ्याच्या तोंडावर पिकअपच्या हौद्याबद्दल बरीच पत्रं आली. प्लेट ठोकावी, रबर टाकावं की कोटिंग मारावं, हा बहुतेकांचा प्रश्न. आम्ही उत्तर देण्याआधी प्रत्येक वेळी एकच गोष्ट बघतो: अस्तराखाली गेलेलं पाणी बाहेर कुठून पडणार? ओरखड्यांनी हौदे सहसा मरत नाहीत. झाकलेल्या, ओल्या पत्र्याने मरतात.

प्रश्न : नवी पिकअप आहे, हौदा नऊ फुटी. हंगामात टोमॅटोचे क्रेट, एरवी खताच्या गोण्या, वर्षातून चार-पाच खेपा विटा-वाळूच्या. बॉडीवाला म्हणतो, 3 मिमीची चेकर प्लेट (उठावदार नक्षीचा जाड लोखंडी पत्रा) वेल्डिंग करून टाका, पुन्हा बघायला नको. टाकावी का? (नारायणगाव)

प्लेटला आमची हरकत नाही, वेल्डिंगला आहे. वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्याखाली कंपनीने दिलेला रंग जळतो आणि तिथला पत्रा उघडा पडतो. दोन टाक्यांच्या मधल्या बारीक फटीतून पाणी आत ओढलं जातं, पण वारा आत जात नाही, त्यामुळे ते वाळत नाही. वरून प्लेट ठणठणीत दिसते आणि खाली मूळ पत्र्याची चाळणी होते. कळतं तेव्हा प्लेट कापून काढण्यावाचून इलाज नसतो.

दुसरा मुद्दा वजनाचा. 9 × साडेपाच फूट म्हणजे साधारण 4.6 चौरस मीटर. लोखंडी पत्रा 1 मिमी जाडीला चौरस मीटरमागे 7.85 किलो भरतो. 3 मिमीची प्लेट, वरच्या नक्षीसकट, 115 किलोच्या आसपास जाते. आर.सी.वरचं (गाडीच्या नोंदणी पुस्तकातलं) मालासकट एकूण वजन काही वाढत नाही, म्हणजे हे 115 किलो तुमच्या मालातून वजा होतात. प्रत्येक खेपेला चार-पाच क्रेट कमी. ते तसेच भरले आणि काट्यावर गाडी सापडली, तर जादा भाराचा दंड 20,000 रुपयांपासून सुरू होतो आणि जादा प्रत्येक टनाला आणखी 2,000.

तुमच्या कामाला पूर्ण प्लेटची गरजच नाही. हौद्याची खरी झीज मागच्या तीन फुटांत होते, कारण चढवताना आणि उतरवताना गोणी तिथूनच ओढली जाते. तेवढ्याच भागात 3 मिमी प्लेट बसवा, वजन 40 किलोच्या आत राहील. पुढचा पत्रा रंगवलेला तसाच ठेवा. क्रेटच्या खेपेला त्यावर सुटं रबर मॅट टाकायचं, विटांच्या खेपेला 12 मिमीचा शटरिंग प्लाय टाकायचा, आणि माल उतरला की दोन्ही काढून उभं करून ठेवायचं.

प्लेट बसवताना क्रम चुकवू नका. आधी गाडीखाली झोपून डिझेल टाकी, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग कुठून गेलंय ते बघा आणि हौद्यावर खडूने खुणा करा. वरून ड्रिल मारताना ब्रेकचा पाइप भोकात येणं ही कल्पनेतली भीती नाही. पाणी जायची मूळ भोकं प्लेटवरही उतरवून घ्या. प्लेट लांबीच्या दिशेने दोन तुकड्यांत कापा, म्हणजे पुढे कधी उचलायची झाली तर दोन माणसांत उचलता येईल. चारी बाजूंना 5 मिमी जागा सोडा. कापलेल्या कडेची धार ग्राइंडरने मोडा, कारण धारदार कडेवर रंग थांबत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. मग दोन्ही बाजूंना इपॉक्सी प्रायमर, त्यावर रंग, कडांना एक हात जास्त. नुसतं रेड ऑक्साईड मारून थांबू नका. वर रंग नसला तर ते पाणी पितं.

हौद्याच्या पत्र्याला पन्हळी असतात. त्यांच्या उंचवट्यांवर 3 मिमी रबराच्या पट्ट्या लांबीच्या दिशेने चिकटवा आणि प्लेट त्यावर ठेवा. पट्टी आडवी लावली की तिच्यामागे पाण्याचं तळं होतं. बोल्ट 8 मिमीचे, गोल चपट्या डोक्याचे, खालून मोठं वायसर आणि नायलॉनचा नट. 3 मिमी प्लेटमध्ये 8 मिमी बोल्टचं डोकं पूर्ण बुडत नाही, म्हणून बोल्ट कडेला घ्या, जिथे गोणी घासत नाही आणि फावडं फिरत नाही. पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला बोल्ट घालण्याआधी ब्रशने प्रायमर लावा. फाळक्याकडची, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेकडची, फट सिलंटने बंद करू नका, पाण्याची वाट तीच आहे. अर्धी बंद आणि अर्धी उघडी जागा सगळ्यांत वाईट.

खताबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. पोटॅशमधलं क्लोराईड लोखंडाला मिठासारखंच खातं. गोणी फुटली तर त्याच दिवशी आधी झाडून घ्या, मगच पाणी मारा. उलटं केलं तर खताचं पाणी सांध्यांत जाऊन बसतं.

प्रश्न : हर्णैहून मासळी नेतो. बर्फाचं खारं पाणी हौद्यात पडतं. ॲल्युमिनियमची चेकर प्लेट हलकी आणि न गंजणारी म्हणून सुचवली आहे. तुमचं मत? (दापोली)

हलकी खरीच. 3 मिमीला नऊ फुटी हौद्यात 40 किलोच्या आसपास, म्हणजे लोखंडाच्या साधारण तिसरा हिस्सा. पण ॲल्युमिनियम, लोखंड आणि मधे खारं पाणी असं जमलं की त्याची बॅटरी होते, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. लोखंडी बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसू लागते, भोक रुंदावतं, प्लेट खडखडायला लागते. शिवाय खालच्या पत्र्याचं मिठाचं दुखणं आहे तसंच राहतं. स्टेनलेस स्टीलची प्लेट टाकली तर उलटं होतं, मग हौद्याचं लोखंड आधी जातं.

किनाऱ्यावरच्या मासळीच्या गाडीला आम्ही फवारून मारायचं पॉलियुरिया किंवा पॉलियुरेथेन कोटिंगच सुचवू. ते पत्र्याला चिकटून बसतं आणि पाण्याला मधे जागाच ठेवत नाही. मात्र काम तयारीवर टिकतं. हौदा साबणाने धुऊन पूर्ण वाळवायचा. माशाचं तेल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आधी सॉल्व्हंटने पुसायचं आणि मग घासायचं. घासल्यानंतर पुसलं तर तोवर तेल ओरखड्यांत भरलेलं असतं. जाड, 80 नंबरच्या किंवा त्याहून खरखरीत पॉलिश पेपरने सगळी चकाकी घालवायची. कोपऱ्यात आणि वेल्डिंगच्या रेषेवर चमक उरली की कोटिंगची साल तिथूनच निघते. हवेने धूळ उडवायची, पुन्हा पुसायचं, उघड्या लोखंडाला इपॉक्सी प्रायमर, आणि मगच फवारा.

दुकानदाराला जाडी विचारा आणि माल किती लागेल तेही विचारा. 1 चौरस मीटरवर 1 मिमी थराला 1 लिटर माल लागतो. तळ 4.6 चौरस मीटर, त्यात चारी बाजू एक फूट उंचीपर्यंत धरल्या तर आणखी 2.7. एकूण 7.3 चौरस मीटर, 3 मिमीला किमान 22 लिटर, उडून जाणारा माल वेगळा. कोणी 8 लिटरमध्ये करून देतो म्हणाला, तर तो तुम्हाला जेमतेम 1 मिमी विकतोय. फक्त तळ करून घेऊ नका. खारं पाणी तळ आणि बाजूच्या सांध्यातच साचतं.

आणि हे काम जून ते सप्टेंबरमध्ये उघड्या शेडमध्ये करू नका. या रसायनाचा एक भाग आयसोसायनेट असतो. ओल मिळाली की तो पाण्याशी जुळून वायू सोडतो, थरात बुडबुडे राहतात, आणि प्रत्येक बुडबुडा पुढे भोक होतो. हाच आयसोसायनेट श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो. फवारणाऱ्याच्या तोंडाला नुसता रुमाल दिसला तर त्या दुकानातून गाडी परत आणा. ही विनंती त्या पोरासाठीही आहे.

कोटिंग झाल्यावरही रोज गोड्या पाण्याने धुणं सुटत नाही. फाळक्याच्या बिजागऱ्या कोटिंगखाली येत नाहीत, तिथे ग्रीस लावत राहा.

प्रश्न : गोठ्यात टाकतात ते रबर मॅट हौद्यात चालेल का? शेळ्या आणि दुधाचे कॅन नेतो. (संगमनेर)

चालेल, आणि शेळ्यांसाठी तेच योग्य. ओल्या पत्र्यावर खूर घसरतो, वळणावर जनावर बसकण मारतं आणि पाय मोडून घेतं. फक्त गोठ्यातलं 17 मिमीचं मॅट घेऊ नका. पूर्ण हौद्याला ते शंभर किलोच्या घरात जातं. 10 मिमी पुरे, 60 किलोच्या आसपास. तीन तुकडे करा, म्हणजे एकट्याने उचलता येईल.

कापायला नवं पातं घ्या. पात्याला आणि रेषेवर साबणाचं पाणी लावा, नाहीतर रबर पात्याला धरून ठेवतं. खाली लाकडी फळी सरकवून रेष वर उचला, म्हणजे काप उघडत जातो, आणि एकाच जागी तीन-चार वेळा पातं ओढा. जोर लावून एकदाच कापायला गेलात तर कड वाकडी येईल आणि हाताला लागेल ते वेगळंच. मापापेक्षा 1 सेंटिमीटर कमी कापा. खाचांची बाजू खाली ठेवा, म्हणजे मूत्र आणि पाणी खाचांतून मागे वाहतं. मूत्र पत्र्याला वाईट, म्हणून शेळ्यांची खेप झाली की मॅट उचलून दोन्हीकडून धुवा. आठवड्यावर टाकू नका. डिझेल किंवा ऑइल सांडलं तर लगेच पुसा, साधं रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं.

प्रश्न : इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे. वापर शनिवार-रविवार, सायकली आणि तंबूचं सामान. तयार प्लास्टिकचा लायनर (हौद्याच्या आकाराचं अस्तर) घ्यावा की कोटिंग करावं? (पुणे)

कोटिंग. तयार लायनर एका दिवसात बसतो आणि आपटलेली वस्तू छान झेलतो, हे मान्य. पण तो पत्र्यावर सुटा बसतो. गाडी धावताना थरथरतो, खाली अडकलेली बारीक रेती पॉलिश पेपरचं काम करते, आणि चाकांच्या कमानींवर रंग पत्र्यापर्यंत जातो. हे प्लास्टिक उन्हाने वाढतंही. पहाट आणि भर दुपारची तापलेली गाडी यांत 40 अंशांचा फरक पडला, तर पाच फुटांत ते 1 सेंटिमीटरच्या आसपास हलतं. स्क्रू घट्ट आवळला असेल तर तिथे तडा जातो किंवा मधे फुगा येतो. भोक लांबट ठेवावं लागतं. शिवाय ते गुळगुळीत असतं, ब्रेक मारला की सामान पुढे जाऊन आपटतं.

लायनर आधीच बसवला असेल तर फेकू नका. जूनच्या आधी एकदा आणि ऑक्टोबरात एकदा काढा, खालून धुवा, घासलेल्या जागी प्रायमर आणि रंग लावा.

पेट्रोलचा कॅन मात्र प्लास्टिक लायनरवर ठेवून कधीही भरू नका. कॅनमध्ये पेट्रोल पडताना स्थिर वीज तयार होते. प्लास्टिकमुळे तिला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही आणि ठिणगीने भडका उडू शकतो. असे भडके उडालेले आहेत. कॅन खाली जमिनीवर ठेवा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या आणि सावकाश भरा. रबर मॅटलाही हाच नियम.

कोटिंग घेताना उन्हात टिकणारा वरचा थर मागा. त्याला ॲलिफॅटिक म्हणतात. दुसरा, ॲरोमॅटिक प्रकार स्वस्त असतो, पण उन्हाने काळ्याचा राखाडी होतो. मजबुतीला लगेच धक्का लागत नाही, त्यामुळे कामाच्या गाडीला तो चालतो. तुमच्या गाडीवर ते डोळ्यांना खुपेल.

प्रश्न : जुनी गाडी घेतली आहे, हौद्याला फोड आलेत. वरून कोटिंग मारलं तर गंज थांबेल ना? (जालना)

नाही. रंगाखाली गंज आणि ओल असेल तर कोटिंग फक्त ते झाकतं, आणि पुढच्या वर्षी जाड साल होऊन गंजासकट निघतं.

आधी फोडावर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. टोक आत गेलं तर तो भाग कापून नवा पत्रा जोडावा लागेल, दुसरा उपाय नाही. टणक लागलं तर ग्राइंडरला वायर ब्रश लावून पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा. खड्ड्यांत राहिलेल्या काळ्या ठिपक्यांवर फॉस्फोरिक ॲसिडचं गंज-द्रावण लावा, डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या, सांगितलं असेल तर धुऊन कडकडीत वाळवा. मग इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीम सिलंट, आणि त्यानंतर कोटिंग किंवा रंग. खालून, चेसिसवर हौदा जिथे टेकतो ती जागाही टॉर्च लावून बघा. तिथे चिखल वर्षानुवर्षं ओला राहतो आणि पत्रा खालून वर खात येतो. अशी गाडी वरून कितीही घासली तरी फोड पुन्हा येतात.

प्रश्न : प्लायवूड कायमचा बसवला तर? (सातारा)

कायमचा नको. प्लाय पाणी धरून ठेवतो आणि तेच पाणी रात्रभर पत्र्याला देत राहतो. सुटा ठेवणार असाल तर 12 मिमीचा फिल्म लावलेला शटरिंग प्लाय किंवा आय.एस. 710 शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या. कापलेल्या कडांना आणि भोकांना इपॉक्सी किंवा ऑइल पेंटचे दोन हात द्या. प्लाय फुगतो तो नेहमी कडेकडून.