जुन्या गाडीवरचा फास्टॅग चालतो की नाही, हे टोलनाक्याआधी कसे तपासावे?

आपण विचारले आहे की, कोल्हापूरहून घेतलेली जुनी कार आता केए-२२ क्रमांकावर नोंदवून झाली आहे, काचेवर आधीच्या मालकाचा फास्टॅग तसाच आहे, तर तो चालतो का, हे पुण्याला निघण्यापूर्वी बेळगावातच कळेल का. घरबसल्या अर्धेच कळेल. मात्र आपल्या बाबतीत तेच अर्धे अधिक महत्त्वाचे आहे.

टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरच्या रीडरकडून येणाऱ्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर त्यातली चिप आपला क्रमांक तेवढा कळवते. शिल्लक, केवायसी आणि गाडीची नोंद हे सारे टॅग देणाऱ्या बँकेकडे असते. त्यामुळे चिप धड असूनही खाते काळ्या यादीत असू शकते, आणि खाते चोख असूनही चिप मुकी असू शकते.

आधी खाते पाहावे. एनपीसीआय, म्हणजे फास्टॅगचे व्यवहार सांभाळणारी राष्ट्रीय पेमेंट संस्था, हिच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक भरला की टॅग चालू आहे की बंद आणि तो कोणत्या बँकेचा आहे, हे दिसते. आपण एमएच-०९चा जुना क्रमांक आणि केए-२२चा नवा, असे दोन्ही भरून पाहावेत. जुन्या क्रमांकावर टॅग चालू दिसला तर हायसे वाटण्याचे कारण नाही. तो आधीच्या मालकाच्या केवायसीवर आहे, पैसे त्याचे कापले जातील आणि तो कोणत्याही दिवशी टॅग बंद करील. सीमाभागात कोल्हापूरकडच्या गाड्या इतक्या येतात की ही गुंतागुंत इथे नेहमीचीच म्हणावी लागेल. माझ्या मते आधीच्या मालकाला तो टॅग बंद करायला सांगून आपण नव्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर), स्वतःच्या नावे नवा टॅग घ्यावा. तो देताना वाहनवर्ग ४, म्हणजे कार-जीप-व्हॅन, हाच नोंदवला गेला आहे ना, हेही पाहावे.

चिप मात्र रीडरसमोर गेल्याशिवाय तपासता येत नाही. मोबाइलच्या एनएफसीने (जवळ धरून चिप वाचण्याच्या सोयीने) टॅग वाचता येतो असे काही जण सांगतात, पण एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते, त्यामुळे त्या खटाटोपात अर्थ नाही. त्यापेक्षा गर्दी नसलेल्या दिवशी हत्तरगी, हिरेबागेवाडी किंवा खानापूर रस्त्यावरचे गणेबैल, यांपैकी सोयीच्या नाक्यावरून जाऊन यावे. गणेशोत्सवाच्या तोंडावर हा प्रयोग नको. चोवीस तासांत परतल्यास दोन्ही फेऱ्यांचा मिळून दीडपटच टोल पडतो, आणि दोन्ही बाजूंच्या रीडरवर परीक्षाही होते. टॅग आतून, आरशामागे, काचेला सपाट चिकटलेला असावा; काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर लहरी अडतात.

अडथळा उघडला नाही, तर कर्मचाऱ्याला हातातल्या स्कॅनरने टॅग वाचायला सांगावे. त्यावरही वाचला गेला नाही तर दोष बहुधा चिपचा. वाचला जाऊन पैसे नाकारले गेले तर खात्याचा. टॅग वैध, शिल्लक पुरेशी आणि बिघाड नाक्याच्या यंत्रणेत असेल, तर २०१८ पासूनच्या नियमानुसार शून्य रकमेची पावती घेऊन गाडी विनामूल्य जाऊ शकते. वाद झाल्यास १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवर तक्रार करावी. दोष आपल्या टॅगचा असेल तर मात्र १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने सव्वापट टोल द्यावा लागतो, तेव्हा मोबाइलवर यूपीआय चालू ठेवूनच निघावे.