८ मिमी फिशआय लावूनही फोटो पूर्ण गोल का येत नाही?

क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८ मिमी फिशआय, म्हणजे १८० अंशांपर्यंतचं दृश्य वाकवून टिपणारी लेन्स, लावली, तर डाव्या-उजव्या बाजूला गोलाची कड दिसते, पण वर-खाली फोटो कापला जातो, असं तुम्ही लिहिलंय. लेन्स बिघडलेली नाही. ती पाडते ते वर्तुळ तुमच्या सेन्सरवर मावत नाही, एवढंच.

फुल फ्रेमसाठी (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरसाठी) बनवलेली ८ मिमी फिशआय साधारण २२-२३ मिमी व्यासाचं वर्तुळ पाडते. फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिमी, त्यात ते जेमतेम बसतं. तुमच्या क्रॉप सेन्सरची, म्हणजे एपीएस-सीची, उंची १५-१६ मिमीच आहे. म्हणून त्याला ४.५ मिमीच्या आसपासची लेन्स लागते. सिग्माची ४.५ मिमी खास याच सेन्सरसाठी होती. कॅननची ८-१५ मिमी झूमही ८ वर पूर्ण गोल देते, पण फुल फ्रेमवरच.

आता पळवाटा. फुल फ्रेमवर चौकट भरून टाकणाऱ्या १५ मिमी फिशआयचा फोटो गोल कापून भोवती काळं भरायचं, हा उद्योग मीही केलाय. फोटो गोल होतो खरा, पण कोपऱ्यांतली सगळी गंमत जाते आणि १८० अंशांतले जेमतेम ९५ अंश हातात उरतात. यापेक्षा दारावर बाहेर कोण आलंय ते बघायला बसवतात ती छोटी काच मोबाईलच्या कॅमेऱ्याला चिकटवून धरा. कडा धूसर येतील, रंग फाटतील, तरी गोल अस्सल असेल. हौस भागवायला मला हाच उपाय सगळ्यात आवडतो.

(फिशआय हे नाव रॉबर्ट वूड या भौतिकशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये दिलं. पाण्याखालून माशाला वरचं जग कसं दिसत असेल हे बघायला त्याने कॅमेऱ्यातच पाणी भरलं होतं!)

खरी गोल फिशआय मिळाली, तर फोकसची चिंता सोडा. फुल फ्रेमवर ८ मिमी, एफ/८ (लेन्सचं छिद्र बऱ्यापैकी लहान) ठेवून फोकस एका फुटावर लावला की वीतभर अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एक्सपोजरकडे मात्र लक्ष हवं. भोवतीच्या काळ्या भागामुळे कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि फोटो पांढरा पडतो. मी एक स्टॉप कमी, म्हणजे प्रकाश निम्मा, ठेवून सुरुवात करतो. वाकडेपणा नको असेल ती रेषा वर्तुळाच्या बरोबर मधून न्या, ती सरळच राहते. झाडांखाली उभं राहून कॅमेरा थेट आभाळाकडे केलात, तर सगळे बुंधे मध्याकडे धावतात आणि गोल आकार उगाच आलाय असं वाटत नाही.

पुढची काच फुगीर असते, तिला फिल्टर बसत नाही आणि ओरखडा पटकन पडतो. आणि क्लिक करण्याआधी खाली बघा. माझ्या पहिल्या वीस-पंचवीस फोटोंत माझेच बूट आहेत.