दवाखान्यात चुकलं तर तपास कोणी करायचा?

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडमध्ये एका हॉस्पिटलात नर्स आहे. तो म्हणतो तिकडे दवाखान्यात काही चुकलं की तपासायला सरकारनं वेगळी संस्थाच काढलीय, ती कोणाला शिक्षा करत नाही, फक्त का चुकलं ते शोधते. शिक्षाच नाही तर उपयोग काय? आणि एवढ्यासाठी पार्लमेंटमध्ये वर्षानुवर्षं घासाघीस कशाला?
(एक शिक्षिका, अमळनेर)

उत्तर : ताई, भाचा बरोबर सांगतोय. तिकडे स्टॅफर्डच्या हॉस्पिटलात पेशंटचे अतोनात हाल झाले त्याचा चौकशी अहवाल 2013 ला आला, मग 2015 ला मोरकम बे भागातल्या बाळंतपणाच्या वॉर्डाचा आला, वाचू शकली असती अशी एक आई आणि 11 बाळं गेली होती, आणि तिथं दिसलं काय तर हॉस्पिटलनं आपला तपास आपणच नीट केला नव्हता. त्याच वर्षी तिथल्या खासदारांच्या एका समितीनं, बर्नार्ड जेनकिन अध्यक्ष होते, सांगितलं की विमान पडलं की जशी बाहेरची टीम जाते तशी दवाखान्यांसाठीही पाहिजे. एप्रिल 2017 मध्ये ही संस्था सुरू झाली. पहिला प्रमुख नेमला तो कीथ कॉनरॅडी, हा गडी डॉक्टर नाही, विमान अपघातांचा तपास करणारा. पण पाठीशी कायदा नव्हता आणि संस्था बसवली सरकारी आरोग्यसेवेच्याच छपराखाली, म्हणजे ज्याचं तपासायचं त्याच्याच ओसरीवर.

म्हणून सप्टेंबर 2017 ला कायद्याचा मसुदा आला आणि तो दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेला, अध्यक्ष परत जेनकिनच. खरी घासाघीस इथं झाली बघा. मसुद्यात होतं की नर्स, डॉक्टर, वॉर्डबॉय तपासणाऱ्याला जे सांगतील ते गुप्त राहील, हे समितीला पटलं. पण त्यात असंही घुसवलेलं की काही हॉस्पिटलांना मान्यता देऊन त्यांनाही आपल्या आतल्या चौकशीत हीच गुप्तता वापरता येईल. समितीनं 2018 च्या अहवालात म्हटलं, हे काढा. माझ्या मते त्या सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, कारण बाहेरच्यानं गुप्तता पाळली तर लोक खरं बोलतात आणि आतल्यानं पाळली तर फाईल कपाटात जाते. पुढे 2022 ला कायदा झाला, 1 ऑक्टोबर 2023 पासून नवी स्वतंत्र संस्था सुरू झाली. आणि 2025 ला सरकारनं जाहीर केलं की तिचं काम आता दवाखान्यांची तपासणी करून दर्जा ठरवणाऱ्या नियामकाकडेच देणार. एवढं भांडून वेगळं केलेलं परत एकाच खात्यात! पेशंट सेफ्टीसाठी तिथं 2001 ला एक एजन्सी काढली होती, ती पण 2012 ला गुंडाळली, म्हणजे खोड जुनीच.

आता शिक्षेशिवाय उपयोग काय ते. या तपास संस्थेनं 2019 ला एक अहवाल काढला, तोंडातून पाजायचं गुंगीचं औषध एका मुलाच्या शिरेत गेलं होतं त्यावर. आपल्याकडे काय होईल, सिस्टरला सस्पेंड करतील, पेपरात बातमी येईल, विषय संपला. पण वॉर्डात जाऊन बघा, पातळ औषध मोजायला सिरिंज तीच, इंजेक्शनला तीच, हाताला लावलेल्या सलाईनच्या नळीत ती बरोब्बर बसते, रात्री तीन वाजता एकटी सिस्टर आणि समोर भरलेला वॉर्ड. तोंडाच्या औषधाची सिरिंज वेगळ्या तोंडाची, सलाईनच्या नळीला बसणारच नाही अशी मिळते. ती प्रत्येक वॉर्डात ठेवली आणि तोंडाच्या औषधाला तीच वापरली तर ही चूक करायची म्हटली तरी करता येत नाही. सस्पेंड केलेल्या सिस्टरच्या जागी दुसरी आली तरी सिरिंज जुनीच राहते ना.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर झालोय. आमच्याकडे अपघात झाला की सीआरएस (रेल्वे सुरक्षा आयुक्त) यायचे, सगळे हादरून असायचे. दवाखान्यांना असं का नाही?
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : दादा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. बाहेरच्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो, रेल्वे सुरक्षा आयुक्त हा रेल्वे मंत्रालयाचा माणूसच नाही, तो येतो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली. इंग्रजांच्या काळातच, 1941 ला, ही तपास करणारी शाखा रेल्वे बोर्डापासून तोडली, कारण गाडी चालवणारा आणि अपघात तपासणारा एकच नको. जानेवारी 2025 मध्ये पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमधून लोकांनी आगीच्या भीतीनं उड्या टाकल्या आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले, त्याचाही तपास सीआरएसकडेच गेला. आता तुलना करा, 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून 10 नवजात बाळं गेली, तीन महिन्यांनी नाशिकला ऑक्सिजनची गळती होऊन पेशंट गेले, दोन्ही वेळी सरकारनं समिती नेमली. समिती नेमावी लागते हेच दुखणं आहे. रेल्वेला आधीपासून बसलेला माणूस आहे, दवाखान्याला दरवेळी नवीन समिती, तिच्यात अधिकारी सरकारचेच, आणि अहवालातल्या सूचना पाळल्या का ते सहा महिन्यांनी विचारायला कोणी नाही. केंद्राचा 2018 ते 2025 चा पेशंट सेफ्टीचा राष्ट्रीय आराखडा होता, पण आराखडा म्हणजे कायदा नव्हे.

प्रश्न : माझ्या वहिनीचं बाळंतपणात रक्त फार गेलं, तालुक्याहून जळगावला नेता नेता ती गेली. दवाखाना म्हणतो आम्ही आतली चौकशी केली, कागद गोपनीय आहे. तुमच्या त्या परदेशी कायद्यातही गुप्तताच आहे म्हणता, मग आमच्यासारख्यांनी जायचं कुठे? आमना गावमा कोन इचारस भाऊ?
(एक वाचक, चोपडा तालुका)

उत्तर : ताई, फार वाईट झालं. तुमचा राग रास्त आहे आणि तिकडच्या समितीपुढेही मुख्य भीती हीच होती, की गुप्ततेच्या नावाखाली घरच्यांनाच अंधारात ठेवतील. तिथं काढलेली वाट अशी, की गुप्त राहतो तो कर्मचाऱ्याचा जबाब. पेशंटला काय दिलं, किती वाजता दिलं, कोणी तपासलं हे केसपेपरवरचं सगळं घरच्यांचंच आहे. अहवाल सगळ्यांसाठी छापतात, कोर्टकचेरीचा तुमचा रस्ता बंद होत नाही, आणि गरज पडली तर हायकोर्ट तो जबाबही उघडायला लावू शकतं.

आता आपल्या इथलं. पहिलं काम म्हणजे केसपेपर, ॲनेस्थेशियाच्या नोंदी, रक्त मागवल्याच्या चिठ्ठ्या, रेफर केल्याची वेळ, सगळ्याच्या कॉपीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज आल्यावर डॉक्टरनं 72 तासांत रेकॉर्ड द्यायचं असा मेडिकल कौन्सिलचा 2002 चा नियम आहे, 'आतली चौकशी' गोपनीय असली तरी केसपेपर नाही. दुसरं, बाळंतपणात किंवा त्यानंतर 42 दिवसांत आई गेली तर तो मातामृत्यू धरून त्याचं अन्वेषण, म्हणजे कारणांचा तपास, करायचं असतं, 2017 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत, जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत नातेवाइकांचं म्हणणं ऐकायची सोय त्यात आहे. हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारा, आमच्या केसचं अन्वेषण झालं का, आम्हाला का बोलावलं नाही. गंमत म्हणजे, गंमत कसली, ह्या पद्धतीचा पायाच दोष न लावता कारण शोधायचं असा आहे, म्हणजे परदेशात ज्यासाठी कायदा करावा लागला त्याची छोटी आवृत्ती आपल्याकडे कागदावर आहेच, फक्त ती चालवणारं खातं तेच.

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग, पण मुदत 2 वर्षं, ती जाऊ देऊ नका. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते, पण तिथं एक खोट आहे, कौन्सिलच्या निकालावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या दिल्लीतल्या बोर्डाकडे अपील करायची तरतूद आयोगाच्या 2019 च्या कायद्यात डॉक्टरसाठी लिहिलीय, पेशंटसाठी नाही. ही एक ओळ बदलली तरी बरंच होईल.

प्रश्न : नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन, फायर, बायोमेडिकल वेस्ट, सोनोग्राफीचे फॉर्म, आता अजून एक साहेब पाठवायचा का आमच्या डोक्यावर?
(एक डॉक्टर, धुळे)

उत्तर : डॉक्टरसाहेब, हा साहेब लायसन्स बघणारा नाही, आणि तसा झाला तर मीही तुमच्या बाजूनं. आज तुमच्या ऑपरेशन थिएटरात काही चुकलं तर बोलायला कोण धजतं? नव्या न्याय संहितेत निष्काळजीपणानं मृत्यूला डॉक्टरला 2 वर्षांपर्यंत कैद आहे (इतरांना 5), सुप्रीम कोर्टानं 2005 ला संरक्षण दिलं तरी पोलीस ठाण्याची भीती आणि बाहेर जमलेला जमाव काही जात नाही. मग नोंदी मागाहून लिहिल्या जातात, हे तुम्हालाही माहितीय. जबाब गुप्त ठेवणारी बाहेरची यंत्रणा आली तर पहिला फायदा प्रामाणिक डॉक्टरचाच आहे.

प्रश्न : आपल्या संसदेत असा कायदा आला तर सामान्य माणसाला काही बोलता येतं का?
(एक कॉलेज विद्यार्थी, शहादा)

उत्तर : येतं. आरोग्य खात्याची संसदेची स्थायी समिती आहे, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 खासदार. विधेयक तिच्याकडे गेलं तर ती पेपरात जाहिरात देऊन लोकांच्या सूचना मागवते. 2016 ला याच समितीनं जुन्या मेडिकल कौन्सिलवर इतका कडक अहवाल दिला की पुढे ती बरखास्तच झाली. पण विधेयक समितीकडे जातंच असं नाही, म्हणून ते पाठवा हा आग्रह आधी आपल्या खासदाराकडे धरायचा. निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत लागतं, मराठीत लिहून कोणाकडून तरी करून घ्या. ते समितीच्या रेकॉर्डला जातं आणि गोपनीय असतं, त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरवत बसू नका. एका पानात बसवा, घटना तारीख-वेळेसह, शेवटी कायद्यात नेमकं काय बदला ते एकाच वाक्यात, आणि सोबत झेरॉक्स जोडा, मूळ केसपेपर कोणालाच देऊ नका.